माझी बहीण दाढी करायला शिकली

माझी धाकटी बहीण एकोणऐंशी वर्षे जगली. शाळेच्या दाखल्यावर तिचे जे भारदस्त नाव होते ते तिला स्वतःलाही सही करण्याच्या वेळीच आठवत असे. घरात ती बेबी होती, आणि ते नाव अखेरपर्यंत तिला कुठे तंग झाले नाही की ढिले पडले नाही. गल्लीतली माणसे तिला टेलरबाई म्हणत. तिच्याविषयी काही लिहून ठेवावे असे तिच्या मुलीने मला सुचवले, तेव्हा मी प्रथम म्हणालो की ती कपडे उत्तम शिवत असे आणि तिची जीभ तिच्या कात्रीहून कमी धारदार नव्हती, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्यात मी काय भर घालणार? परंतु वयाची साठी जवळ आल्यावर ती सेफ्टी रेझरने दाढी करायला शिकली, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. ती मी जवळून पाहिली, आणि काही अंशी माझ्या स्वतःच्या गालांवर सोसली. म्हणून तीच सांगतो.

तिच्या घराची रस्त्याकडची खोली हेच तिचे दुकान होते. खिडकीला लागून शिलाई मशीन, मधोमध कापड बेतायचे लांब टेबल, भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेले कागदी बेत आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक उभा आरसा. त्या आरशात माणूस आहे त्यापेक्षा किंचित बारीक दिसे, आणि तो तिने मुद्दाम पारखून आणला असावा असा मला संशय आहे. कापड हाती आले की तिची पद्धत ठरलेली होती. कात्रीला हात लावण्यापूर्वी ती त्या कापडावर तळहात फिरवी. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा, पण उलट दिशेने.

"गिऱ्हाइकाला कंबर विचारली तर ते खोटं सांगतं," ती म्हणे. "कापड खोटं सांगत नाही. पण त्याला विचारावं लागतं."

तिचे यजमान, म्हणजे आमचे मेव्हणे, एका मोठ्या वस्तुसंग्रहालयात पहारेकऱ्यांचे प्रमुख होते. उंच, ताठ, मितभाषी. नाकावर माशी बसू न देणारे. रोज सकाळी दारे उघडण्यापूर्वी ते सर्व पहारेकऱ्यांना ओळीत उभे करीत आणि खिशातून कापसाचा बोळा काढून तो प्रत्येकाच्या हनुवटीवरून हलकेच फिरवीत. कापसाचा एक तंतू जरी दाढीच्या खुंटात अडकला, तरी त्या माणसाला घरी परत पाठवले जाई आणि त्याची अर्ध्या दिवसाची रजा मांडली जाई. पहारेकरी त्यांना पाठीमागे कापूससाहेब म्हणत. मेव्हण्यांना हे ठाऊक होते आणि त्यांना ते मुळीच वावगे वाटत नसे.

"लोक इथे जुन्या मूर्ती बघायला येतात," ते मला एकदा म्हणाले होते. "त्या मूर्तींची नाकं गेलीत, हात गेलेत. शेजारी उभा असलेला माणूस तरी धड दिसायला नको का, दादा?"

स्वतःची दाढी ते न्हाणीघराचे दार आतून लावून करीत. पहिल्या पगारातून घेतलेला एक जड रेझर, एक ब्रश, साबणाची एक वाटी आणि तुरटीचा खडा, एवढा त्यांचा संसार त्या खोलीतल्या फळीवर मांडलेला असे, आणि त्याला घरातल्या कुणी हात लावायचा नसे. तेवढा वेळ दार वाजवायचे नाही हा अलिखित नियम होता. त्यामुळे झाले असे, की ज्या माणसाच्या मानेचा घेर, खांद्याचा उतार आणि डाव्या बाहीतला सुताएवढा फरक बेबीला झोपेतही सांगता आला असता, तो माणूस तोंडाला फेस लावल्यावर कसा दिसतो हे तिने लग्नानंतर इतक्या वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

निवृत्तीला वर्षही झाले नव्हते, तोच मेव्हण्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली होती, मात्र संपूर्ण नव्हे. "हो", "नको", "पुरे" असे मोजके शब्द उरले, तेही अडखळत. "गाढव" या शब्दाला मात्र झटक्याने जराही धक्का लावला नव्हता. तो पूर्वीसारखाच खणखणीत येई.

रुग्णालयातून घरी सोडताना तिथल्या व्यायामाच्या बाईंनी बेबीला बाजूला घेऊन सांगितले, "रोज इथे हॉलमध्ये आणा. हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. आत्ता हातापायांकडून काम करून घेतलं तर ते परत येतात. नंतर कितीही डोकं आपटलं तरी येत नाहीत."

बेबीने मान हलवली. रिक्षा ठरवली, पायाला चढेल असा सैल पायजमा शिवला, दंडाला आधाराची पट्टी शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी तयारी झाल्यावर मेव्हणे म्हणाले, "नको."

"का नको? दुखतंय का?"

"नको."

"अहो, बाई काय म्हणाल्या ऐकलंत ना तुम्ही?"

त्यावर त्यांनी डावा हात उचलला, स्वतःच्या गालावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. रुग्णालयातल्या मुक्कामात दाढी वाढली होती. पांढरी, खरखरीत, एका बाजूला लाळेने चिकटलेली.

कारण समजायला आम्हाला दोन दिवस लागले. त्याच हॉलमध्ये त्यांच्या हाताखालचा एक जुना पहारेकरी गुडघ्याच्या व्यायामासाठी येत असे. मेव्हण्यांनी त्याला रुग्णालयाच्या व्हरांड्यातून जाताना पाहिले होते. त्या गृहस्थाला त्यांनी कापसाच्या तंतूपायी अनेकदा घरी पाठवले होते. आज त्याच्यापुढे असल्या तोंडाने जाऊन बसायचे, त्यापेक्षा हातपाय गेले तरी बेहत्तर, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा आहे हे त्यांना पटवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग दाढीची व्यवस्था पाहणे आले. त्यांनी प्रथम स्वतःच डाव्या हाताने प्रयत्न केला. ओठाखाली चांगलीच चीर पडली, रेझर भिंतीवर आदळला आणि "गाढव" हा शब्द शेजारच्या घरापर्यंत गेला. मुलीने परगावाहून विजेवर चालणारे यंत्र पाठवले. त्याची घरघर कानाशी आली की मेव्हणे डोके असे मागे घेत, की उशीला भोक पडावे. मी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलावले. तो बिचारा सामानाची पेटी घेऊन आला. पण संग्रहालयातले निम्मे पहारेकरी त्याच्याच खुर्चीत बसत. आपली ही अवस्था उद्या त्या खुर्चीतून गावभर होईल, हे मेव्हण्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. सलूनवाला दारातच म्हणाला, "साहेबांचं तोंड बंद असलं की मी काय, देवसुद्धा दाढी करू शकत नाही."

असे दिवस जाऊ लागले. व्यायामाच्या बाईंचा निरोप आला की येत का नाही. बेबी पायांना घरीच मालिश करी, पण तिला ठाऊक होते की हे म्हणजे कापड न बेतता नुसते टाके घालण्यासारखे आहे.

शेवटी एका सकाळी ती न्हाणीघरातून तो रेझर घेऊन आली. "अहो, मी करते."

मेव्हण्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "नको" म्हटले नाही. तेवढीच संमती मानून तिने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, वाढलेली दाढी आपल्या कात्रीने आखूड केली, ब्रश पाण्यात बुडवून साबणावर घासला आणि पातळ, बुडबुड्यांचा फेस घाईघाईने फासला. रेझर तिने हातात पहिल्यांदाच धरला होता.

ती संध्याकाळ माझ्या लक्षात आहे, कारण मी दार वाजवताच तिने ते उघडले आणि "ये" म्हणण्याऐवजी म्हणाली, "दादा, मी यांची मखमल केली."

आत मेव्हणे खुर्चीत बसले होते. गळ्यावर कागदाचे लहान लहान कपटे चिकटवलेले, आणि जबड्याखालची कातडी उकडलेल्या बिटासारखी लाल. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

स्वयंपाकघरात गेल्यावर तिने मला चूक समजावून सांगितली, आणि ती अशी होती की दुसऱ्या कुणाच्या हातून घडलीच नसती. मखमलीला लव असते. मखमल बेतताना ती लव नेहमी खालून वर जाईल अशी ठेवतात, म्हणजे रंग गडद आणि भारी दिसतो. वरून खाली ठेवली तर कापड फिकट, जुने वाटते. ही गोष्ट तिच्या बोटांत इतकी मुरलेली होती, की चांगले काम म्हणजे खालून वर, हे तिने विचार न करताच धरून चालले. मेव्हणे इतके चोखंदळ. त्यांना काम पहिल्या प्रतीचे हवे. म्हणून तिने गळ्याच्या खळगीपासून हनुवटीकडे, केसांच्या थेट उलट, पहिलाच हात ओढला. त्यातून इस्त्रीची सवय. सुरकुती दिसली की हात आपोआप दाबला जातो. दाबला.

"आणि ते काय म्हणाले?"

"पुरे म्हणाले. गाढव म्हणाले असते तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी तिला चेहऱ्याजवळ येऊ दिले नाही. हॉलचे नाव काढायची सोय नव्हती. बेबीने मात्र हाती घेतलेले काम अर्धे टाकले नव्हते. ती एक पँट, सुई आणि दोरा घेऊन कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसली. ताटकळलेल्या पुरुषांची जी चुळबुळ झाली तिचे वर्णन सलूनवाल्याने मला नंतर मोठ्या चवीने केले. एकाने धीर करून विचारले, "बाई, तुम्ही इथे?"

"पँटची खालची पट्टी दुमडतेय," बेबी म्हणाली. "उजेड चांगला आहे तुमच्याकडे. तुम्ही बसा खुर्चीवर, माझं काही अडत नाही."

सलूनवाला आरशातून तिच्याकडे बघत होता. "टेलरबाई, दाढी शिकून माझं दुकान बंद पाडायचा विचार आहे का?"

"तू तुझ्या शर्टाचं ते वरचं बटण नीट लावायला शिक. मग मी तुझ्या दुकानाचा विचार करते."

तो हसला आणि मग तिला दिसेल अशा बाजूने उभा राहून काम करू लागला. तो वस्तरा वापरी. सेफ्टी रेझर त्याने तरुणपणीच सोडला होता, त्यामुळे रेझर कसा धरायचा हे त्याला काही सांगता येईना. परंतु वस्तऱ्यापूर्वीचे सारे त्याने सांगितले. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी गालांवर ठेवायचा, केस मऊ पडू द्यायचे. ब्रशमधले जास्तीचे पाणी झटकायचे, आणि फेस वाटीत एवढा घोटायचा की त्यात एकही बुडबुडा दिसता कामा नये. पहिला हात केस जिकडे झुकतात तिकडे. दुसरा आडवा. उलटा हात ज्याला सोसतो त्यालाच, आणि तोही शेवटी.

"आणि केस कुठे झुकतात ते कसं कळायचं?" बेबीने विचारले.

"हात फिरवून," तो म्हणाला. "दुसरं काय?"

बेबी मला म्हणाली की ते ऐकल्यावर तिची सुई चुकून बोटात गेली.

राहिला प्रश्न रेझर धरण्याचा. त्यासाठी एका रविवारी मला बोलावणे आले. कापड बेतायच्या टेबलाशेजारी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर उशी, आणि टेबलावर ऑपरेशनची असावी तशी मांडामांड.

"दादा, तुझी दाढी दोन दिवसांची हवी म्हणून सांगितलं होतं ना?"

"दोनच दिवसांची आहे."

"मग एवढीच येते का तुला? बस."

तिने गरम टॉवेल माझ्या तोंडावर ठेवला. त्याखालून मला तिचे बोलणे ऐकू येत होते. "यांच्यापुढे आता मला एकदाच जाता येणार. दुसऱ्यांदा चुकले तर ते कायमचे भिंतीकडे तोंड करून बसतील. म्हणून जे काही कापायचं ते आज तुझंच कापणार. ओरडू नकोस, आत ऐकू जाईल."

"पी हळद आणि हो गोरी, असं होत नसतं, बेबी. हळू घे."

"तोंड मिटून बोल."

रेझरची दांडी तिने प्रथम माझ्या गालाला काटकोनात धरली, नुसती पात्यावरची टोपी टेकवून, पाते लागेना. मग ती दांडी थोडी थोडी खाली आणू लागली. एका ठिकाणी बारीक कुरकुर ऐकू आली, कात्री खळीच्या सुती कापडातून जाताना होते तशी. ती थांबली. पुन्हा तीच कुरकुर काढून पाहिली. दांडी आणखी खाली नेली तर आवाज बंद आणि मला चटका.

"सापडला," ती म्हणाली. "हा कानाने सापडतो. डोळ्यांनी नाही."

दाबण्याची सवय मात्र सहज सुटेना. हनुवटीच्या वळणाशी ती पुन्हा इस्त्री फिरवायला लागली आणि मी ओय केले. तेव्हा तिने मुठीची पकड सोडली आणि दांडी शेवटाजवळ नुसत्या बोटांच्या टोकांत धरली, अशी की दाबायचे म्हटले तरी दाब बसू नये. रेझर आपल्याच वजनाने खाली आला. त्या जड धातूचा उपयोग मलाही त्याच दिवशी कळला. मी आयुष्यभर हलके प्लास्टिकचे वापरत आलो होतो.

त्या बैठकीतून मी तीन ओरखडे घेऊन उठलो. ती माझ्याकडे थोडे मागे सरून पाहत होती, ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तशी. "गाल ठीक आहेत," ती म्हणाली. "सुरकुत्या तुझ्या मूळच्याच आहेत, त्याला माझा इलाज नाही."

मंगळवारी सकाळी ती मेव्हण्यांसमोर गेली. मी दुकानाच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. मधले दार उघडे होते. तिच्या हातात रेझर नव्हता. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मी आज दाढी करणार नाही," ती म्हणाली. "नुसता हात लावू द्या. केस कुठे कसे जातात तेवढंच बघते."

मेव्हण्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. मग मेव्हणे म्हणाले, "हो."

तिने तळहात त्यांच्या गालावर ठेवला आणि कानापासून हनुवटीकडे नेला, मग परत वर. डावा गाल झाला, उजवा झाला. उजव्या गालाला स्पर्श फारसा कळत नव्हता. तिथे ती हळू गेली. मी वर्तमानपत्राचे पान उलटले नाही. माझ्या बहिणीला मी तिच्या जन्मापासून ओळखत होतो. शेकडो कापडांवरून फिरताना मी पाहिलेला तो तळहात इतका सावकाश जाताना मी कधी पाहिला नव्हता.

गळ्याशी आल्यावर तिने टेबलावरचा शिंप्याचा निळा खडू उचलला. "थांबा, मला लक्षात राहणार नाही," असे म्हणून तिने त्यांच्या गळ्यावर बाण काढायला सुरुवात केली, जसे कागदी बेतावर धाग्याची दिशा दाखवायला काढतात तसे. एक खाली, एक तिरका, एक बाहेर. मेव्हण्यांनी डाव्या हाताने आरसा मागितला. तिने दिला.

आरशात त्यांना स्वतःचा गळा दिसला, बाणांनी भरलेला. आणि मेव्हणे हसले. वाकड्या तोंडाने, अर्धे, पण हसले. आजारपणानंतरचे ते पहिले हसू.

"हसा," बेबी म्हणाली. "चांगला कोट शिवला असता एवढ्या मेहनतीत."

मग त्यांनी आरसा मांडीवर ठेवला आणि तिच्या हातातून खडू काढून घेतला. आरसा तिने धरला. डाव्या जबड्याखाली तिने काढलेला एक बाण त्यांनी अंगठ्याने पुसला आणि त्या जागी, थरथरत्या रेषेत, अगदी उलट दिशेचा बाण काढला. पुन्हा तिच्याकडे पाहिले.

तिने तिथे बोट फिरवले. खरेच उलटे होते. तिथे केसांचा एक भोवरा होता आणि तो तिला चकवून गेला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे सगळंच ठाऊक आहे तुम्हाला. आणि मी सलूनच्या बाकावर बसून आले, दादाचे गाल सोलले. तुम्हाला विचारलंच नाही."

मेव्हण्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "नाही... विचारलं," ते म्हणाले. यात तक्रार होती की नुसता दुजोरा, हे मला दाराआडून कळले नाही.

दाढी त्याच सकाळी झाली. पण ती बेबीने केली असे म्हणणे तितकेसे बरोबर होणार नाही. वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि फेस मेव्हण्यांनी डाव्या हाताने घोटला, दह्यासारखा घट्ट होईपर्यंत. घाई करणारी ती होती आणि "नको" म्हणणारे ते. कातडी ताणून त्यांनी धरली, आपल्याच बोटांनी, कानाशी वर आणि हनुवटीशी खाली. रेझर तिच्या हातात होता. मधूनच एखादा शब्द येई. "कोन." "हळू." एकदा "धू", म्हणजे पाते फेसाने भरले आहे. पहारेकऱ्यांवर चालत असे तोच आवाज, फक्त तुकड्यातुकड्यांनी. तिने एकदाही उलट उत्तर दिले नाही, आणि हे तिच्या बाबतीत नमूद करण्यासारखे आहे. भोवऱ्याजवळ एक थेंब रक्त आले. मेव्हण्यांनी स्वतःच तुरटीचा खडा मागून घेतला.

गार पाण्याने तोंड पुसल्यावर त्यांनी डावा तळहात गालावरून फिरवला, गळ्यावरून फिरवला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले.

"काय हवंय?" बेबीने विचारले.

"हॉल," ते म्हणाले.

रिक्षा मी आणली. हॉलमध्ये तो जुना पहारेकरी भिंतीशी पाय हलवत बसलेला होताच. मेव्हण्यांना चाकांच्या खुर्चीतून आत आणताना पाहून तो जुन्या सवयीने उठायला गेला, गुडघ्यात कळ आली आणि अर्धवट वाकलेल्या स्थितीतच थांबला. त्याच्या हनुवटीवर तीन दिवसांचे खुंट होते. त्याने तिथे हात लावला.

"साहेब, आज दाढी राहिली माझी," तो म्हणाला. "परत जाऊ का घरी?"

व्यायामाच्या बाई हसल्या. मेव्हणे हसले नाहीत. त्यांचे ओठ हलत राहिले, शब्द शोधत.

"बस," ते म्हणाले.

पहारेकरी बसला. मग मेव्हण्यांच्या चेहऱ्याकडे जाणकाराच्या नजरेने पाहत त्याने विचारले, "झकास झालीय. बाईंनी केली वाटतं?"

"दोघांनी," मेव्हणे म्हणाले.

त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. रोज सकाळी आधी दाढी, मग हॉल. वर्षाच्या आत मेव्हणे काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले. बोलणेही बऱ्याच अंशी परत आले; पूर्वीही ते फार नव्हतेच, त्यामुळे पाहुण्यांना फरक जाणवत नसे. पुढे व्यायामाच्या बाईंच्या आग्रहावरून ते डाव्या हाताने स्वतः दाढी करायला शिकले. गाल, ओठांवरची जागा, हनुवटी हे त्यांनी आपल्याकडे घेतले. गळा मात्र त्यांनी तिच्याकडेच ठेवला, आणि न्हाणीघराचे दार पुन्हा कधी आतून लागले नाही. हॉलमध्ये येणाऱ्या इतर रुग्णांच्या बायकांना आणि मुलांनाही बेबीने पुढे शिकवले. ती प्रत्येकाला आधी रेझर खाली ठेवायला लावी आणि म्हणे, "ज्याची दाढी आहे त्याला विचार."

उजवा हात परत आला नाही. बोटे थोडी हलत, कप धरण्याइतकी कधी मिटली नाहीत. सुरुवातीचे जवळजवळ दोन महिने घरात भिंतीकडे तोंड करून गेले होते, आणि ते कुठूनही भरून काढता येण्यासारखे नव्हते. या विषयावर त्या दोघांचे जे भांडण होते ते मी त्यांच्या घरी जेवायला गेलो की हमखास निघे. इतर नवराबायको दोष एकमेकांवर ढकलतात. हे दोघे तो आपल्याकडे ओढत.

"मी तोंड फिरवलं," मेव्हणे म्हणत. "हात मी घालवला."

"मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर तुम्ही तोंड फिरवलं नसतं. मी घालवला."

कंटाळून मी एकदा त्यांच्या डॉक्टरांना गाठले आणि सरळ प्रश्न केला. ते म्हणाले, हात कदाचित पहिल्या दिवसापासून व्यायाम करूनही आला नसता. कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. मी हे दोघांना अक्षरशः सांगितले.

"डॉक्टर गाढव आहे," मेव्हणे म्हणाले, आणि बेबीने मान डोलावली. या प्रकरणात त्यांचे एकमत झालेला तेवढाच एक मुद्दा.

मेव्हणे त्यानंतर बारा वर्षे जगले. शेवटच्या सकाळीही त्यांचा गळा बेबीनेच केला होता. त्यांच्या मागे ती आणखी काही वर्षे होती. मशीन मुलीकडे गेले, कागदी बेत तिने गल्लीतल्या एका होतकरू टेलरला दिले, आणि घराची व्यवस्था तिने स्वतःच नीट लावून ठेवली होती. आम्हाला काही करावे लागले नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी शेजारी बसलो असताना तिने डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे, मग आपल्या हाताकडे पाहिले.

"दादा, यांच्या त्या उजव्या हाताबद्दल हे काहीही म्हणून गेले असले तरी," ती म्हणाली, "तू माझंच खरं धर."

मी हो म्हटले नाही. त्यांचेच खरे धरीन, असे वचन मी मेव्हण्यांना आधीच दिलेले होते.